दोन भावंडं, एकच घर, पण ताण एकालाच का? पालकसभेसाठी नेमकी माहिती हवी

ऐरोली_बाई:
आमच्या शाळेत नववी-दहावीच्या पालकांची सभा आहे आणि ताणावर अर्धा तास मला बोलायचंय. प्रश्न ठरलेलेच असतात. "मोठीला कधी काही झालं नाही, धाकट्यालाच परीक्षा आली की उलट्या का होतात? आम्ही तर दोघांना सारखंच वाढवलं." काही जण "जन्मजातच आहे" म्हणून हात झटकतात, काही आया सगळा दोष स्वतःकडे घेतात. स्वभावाचा वाटा किती, संगोपनाचा किती, आणि घरी नक्की काय बदलायचं? "सकारात्मक राहा" छापाचं नको, ते व्हॉट्सॲपवर रोज येतं.

घोडबंदर_मानस:
ताई, आकडा विचारला जाणारच, तेव्हा तो नीट वाचून घ्या. चटकन धास्तावणं, मनाला लावून घेणं, चिंतेत अडकून राहणं या स्वभावगुणाला न्यूरॉटिसिझम म्हणतात. जुळ्यांच्या अभ्यासांमधून त्यातला आनुवंशिकतेचा वाटा ढोबळमानाने 40 ते 50 टक्के येतो. मात्र हा हिशोब माणसामाणसांतल्या फरकाचा आहे. तुमच्या धाकट्या विद्यार्थ्याची निम्मी भीती आईबापांकडून आली आणि निम्मी घरातून, असा अर्थ त्यातून निघत नाही. सभेत हमखास इथेच घोळ होतो.

"सारखंच वाढवलं" याचंही उत्तर तयार ठेवा. हेच अभ्यास सांगतात की या गुणाच्या बाबतीत दोन्ही भावंडांना सारखं मिळालेलं घर फार फरक पाडत नाही. फरक पडतो तो ज्याला त्याला वेगळं मिळालेल्या गोष्टींनी: शिक्षक, मित्र, आजारपण. शिवाय स्वभाव बघून घरही आपली वागणूक बदलतं. बुजऱ्या मुलाच्या वतीने पाहुण्यांना उत्तर आई देते, धीटाला स्वतः बोलू देते. दहा वर्षं असं चाललं की सराव एकाचाच होतो.

हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी 4 महिन्यांच्या बाळांना अनोळखी आवाज, वास, हलती खेळणी दिली. सुमारे 20 टक्के बाळं हातपाय झाडत रडली, जवळपास 40 टक्के निवांत राहिली. रडणाऱ्यांतली बरीच पुढे सावध, बुजरी झाली, पण सगळी नाहीत. स्वभावातून कल दिसतो, निकाल लागत नाही.

न्यूयॉर्कमध्ये 1956 पासून मुलांचा माग ठेवणाऱ्या थॉमस आणि चेस या मानसोपचारतज्ज्ञ जोडप्याने भर दिला तो मुलाचा स्वभाव आणि आजूबाजूच्यांच्या अपेक्षा यांच्या जुळणीवर. त्यांच्याकडे 15 टक्क्यांच्या आसपास मुलं हळूहळू रुळणारी निघाली. अशा मुलाला जूनमध्ये थेट साठ जणांच्या बॅचमध्ये बसवलं की ते मिटतं. आधी दोनदा रिकामा वर्ग दाखवून, सरांची ओळख करून दिली तर तेच मूल पंधरवड्यात रुळू शकतं.

वाशी_क्लिनिक:
वरच्या उत्तराला शरीराची बाजू जोडतो. स्वभाव कसाही असो, काही परिस्थितींत कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, बहुतेकांचं जास्त चढतं. प्रयोगशाळेतल्या 208 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2004 साली प्रसिद्ध झाला. दोन गोष्टी एकत्र आल्या की प्रतिसाद सर्वांत मोठा येतो, असं त्यात दिसलं: चारचौघांत आपलं मोजमाप होतंय ही जाणीव, आणि आपल्या हातात काही नाही ही भावना. आता आपल्याकडचा निकालाचा दिवस आठवा. सोसायटीच्या ग्रुपवर टक्के, मावशीचा फोन, "शेजारच्या अमक्याला किती?" संवेदनशील मुलाला यात दोन्ही गोष्टी भरपूर मिळतात.

म्हणून पालकांना ठोस सांगायचं ते हे. गुणांची चर्चा नातेवाइकांसमोर बंद. अभ्यास कोणत्या क्रमाने करायचा, हे मुलाने ठरवायचं. आणि घरातले नियम रोजच्या मूडवर बदलायचे नाहीत. कडक पण अंदाज येणारं घर एक वेळ झेपतं. आज हसून सोडलेल्या चुकीवर उद्या फटका बसणार असेल, तर मूल सतत कानोसा घेत राहतं.

वेळेचंही बघा. ताण सुरू झाल्यावर साधारण 20 ते 30 मिनिटांनी कॉर्टिसॉल सर्वांत वर असतं आणि त्या काळात पाठ केलेलं आठवणं अवघड जातं. रागावून लगेच "म्हणून दाखव" म्हटलं की मूल अडखळतं आणि पालकांना वाटतं अभ्यासच झाला नाही. मध्ये तासभर जाऊ द्या.

श्वासाचा व्यायाम शिकवणार असाल तर 4 सेकंद आत, 6 सेकंद बाहेर, असा 5 मिनिटं. मिनिटाला 6 श्वास होतात. मुलं जोरजोरात खोल श्वास घेतात आणि त्यांना चक्कर येते, ते टाळा. सराव रोज रात्री, शांत असताना. थेट परीक्षा हॉलमध्ये पहिल्यांदा केला तर काही हाती लागत नाही.

उलट्यांसाठी आधी बालरोगतज्ज्ञ, मग समुपदेशन. झोप, भूक किंवा शाळेत जाणं दोन आठवड्यांहून जास्त बिघडलं तर मानसोपचारतज्ज्ञ. मरणाचं बोलणं निघालं तर थांबायचं नाही, त्याच दिवशी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फळ्यावर मोठा लिहा. फोन मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

नौपाडा_वाचक:
एक काळजी घ्या. बालपणातल्या प्रतिकूल अनुभवांवरचा अमेरिकेतला 1998 चा मोठा अभ्यास सभांमध्ये हल्ली फार फिरतो. मारहाण, व्यसन, घरातली हिंसा यांची बेरीज वाढली की पुढच्या आजारांचा धोका वाढतो, हे त्यात स्पष्ट आहे. पण ती बेरीज मोठ्या गटासाठी आहे. एकेका मुलाला गुण देऊन भाकीत करायला ती वापरू नये. हवाईतल्या काउआई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर यांनी माग ठेवला. धोक्याच्या गटातली सुमारे एक तृतीयांश मुलं सक्षम, धडधाकट प्रौढ झाली. त्यांच्या आयुष्यात बहुतेक वेळा निदान एक भरवशाचं मोठं माणूस होतं, आणि ते आईबापच असायला हवेत असं नव्हतं. स्वतःला दोष देणाऱ्या आयांना हे नक्की सांगा. आजी, मामा, पीटीचे सर, कुणीही चालतं.

ऐरोली_बाई:
खूप उपयोगी. एक नेहमीचं उदाहरण: मुलाला लोकलने एकट्याने ठाण्याला क्लासला जायची भीती, म्हणून वडील रोज स्कूटरने सोडतात. हे चूक का आणि बदलायचं कसं?

घोडबंदर_मानस:
सोडलं की भीती लगेच उतरते. मुलाला सुटल्यासारखं वाटतं, वडिलांनाही, आणि त्या सुटकेमुळेच दुसऱ्या दिवशी स्कूटर जास्त हवीशी वाटते. "मी एकटा गेलो आणि निभावलं" हा अनुभव मेंदूला मिळतच नाही. पण स्कूटर एका दिवसात बंद केली तरी फसतं. पायऱ्या करा.

आधी वडील सोबत, पण तिकीट मुलाने काढायचं. मग ऐरोली ते दिघा गाव हे एकच स्टेशन, वडील शेजारच्या डब्यात. मग ठाण्यापर्यंत, वडील ठाण्याच्या फलाटावर उभे. मग वडील घरी. सगळं आधी सकाळी अकराच्या मोकळ्या गाडीत, संध्याकाळची गर्दी शेवटी. प्रत्येक पायरी लागोपाठच्या दिवसांत तीन-चार वेळा. सुरुवातीला आठवड्यातून एकदाच केली तर भीती पुन्हा डोकं वर काढू शकते.

निघण्यापूर्वी मुलाने वहीत एक ओळ लिहायची, "काय होईल असं वाटतंय": गुदमरेन, ठाण्याला उतरता येणार नाही. परत आल्यावर शेजारी "खरंच काय झालं". पोटात गोळा आला तरी चालेल. तो जाण्याची वाट बघत बसायचं नाही, लिहिलेलं खरं ठरलं का एवढंच तपासायचं.

बिघडतं ते बहुतेक फोनमुळे. दर स्टेशनला "पोचलास का, बरा आहेस ना?" विचारलं की मूल फोनच्या आधारावर प्रवास करतं, स्वतःच्या नाही. ठाण्याला उतरल्यावर एक मेसेज, तोही मुलाने करायचा. दुसरी चूक म्हणजे भीती टिपेला असताना मधेच उतरवून परत आणणं. ते झालंच तर रागावू नका, पुढच्या दिवशी एक पायरी खाली या आणि तिथून परत सुरू करा.