मदत हवी आहे: दादाचे ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) ६१२, एआरटी (एचआयव्हीची औषधं) चालू आहे आणि फॅमिली डॉक्टरांना हे माहीत नाही

नमस्कार, मोठ्या भावासाठी विचारतेय. दादा ४८ वर्षांचा आहे, २००९ पासून एआरटीवर. पहिल्या गोळ्या चालेनाशा झाल्या म्हणून काही वर्षांपूर्वी सेकंड लाइन सुरू केली, लोपिनाविर-रिटोनाविर, सकाळी दोन संध्याकाळी दोन. एकही डोस चुकवत नाही, व्हायरल लोड (रक्तातलं एचआयव्ही विषाणूचं प्रमाण) कधीपासून नॉट डिटेक्टेड येतोय, त्या बाजूने काहीच काळजी नाही.

काळजी आहे ती लिपिड प्रोफाइलची. मागच्या वर्षी ट्रायग्लिसराइड ३४० होतं तेव्हा सगळ्यांनी तेलकट कमी कर म्हणून सोडून दिलं, आता ६१२ आलंय. शुगर बॉर्डरवर. दारू पीत नाही, पण मार्केटयार्डात टेम्पोवर आहे, पहाटे तीनला घरातून निघतो आणि दुपारपर्यंत सात-आठ कटिंग चहा होतात, सगळे साखरेचे, सोबत क्रीमरोल नाहीतर वडापाव. चालणं म्हणाल तर रविवारी तळजाईला गेला तर गेला. आणि खरं सांगायचं तर आदल्या दिवशी पुतणीच्या साखरपुड्यात आमरस भरपूर झाला होता आणि सकाळी चहा पिऊनच रक्त दिलं, त्यामुळे ६१२ कितपत खरं धरायचं हाही प्रश्न आहेच.

तर झालं असं की एआरटी सेंटरची तारीख दीड महिन्यावर होती म्हणून वहिनी रिपोर्ट घेऊन आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेली. त्यांनी रोझुवास्टॅटिन २० (कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी) आणि फेनोफायब्रेट (ट्रायग्लिसराइडची गोळी) लिहून दिलं. माणूस चांगला आहे, आईबाबांपासूनचे डॉक्टर आहेत, पण दादाला एचआयव्ही आहे हे त्यांना आम्ही कधी सांगितलेलंच नाही. दवाखाना आमच्याच गल्लीत, कंपाउंडर ओळखीचा, बाबा गेले त्या वर्षी एका नातेवाईकाला कळलं होतं आणि त्याने लग्नात दादाला वेगळं ताट वाढलं, ते दादा अजून विसरलेला नाही. म्हणून तो म्हणतो गोळी मुकाट घेतो पण तिथे सांगू नकोस.

मी कुठेतरी वाचलं की रिटोनाविरबरोबर कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या चालत नाहीत, म्हणून गोळ्या आणून ठेवल्यात पण सुरू करू दिल्या नाहीत. मी बरोबर केलं का? आणि एआरटीची गोळीच बदलून मिळते का? कोणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा, मला रात्री झोप येत नाहीये.

प्रतिसाद १
ताई, थांबवलंत ते बरोबर केलंत. मी स्वतः १५ वर्षं एआरटीवर आहे. रिटोनाविर लिव्हरमध्ये औषधं मोडणारं एन्झाइम अडवतं, त्यामुळे काही स्टॅटिन रक्तात खूप चढतात, मग स्नायू दुखतात, लघवी गडद होते, किडनीला पण त्रास होऊ शकतो. सिमवास्टॅटिन तर अजिबात चालत नाही. रोझुवास्टॅटिन लोपिनाविर-रिटोनाविरबरोबर १० एमजीच्या वर देत नाहीत, म्हणजे २० जास्तच झाली. फेनोफायब्रेट मात्र ५०० च्या वर ट्रायग्लिसराइड असलं की डॉक्टर देतातच, कारण तेव्हा स्वादुपिंडाला सूज यायची भीती असते. पोटात वरच्या बाजूला जोरात दुखून पाठीत कळ गेली आणि उलट्या सुरू झाल्या तर तारखेची वाट बघू नका, सरळ कॅज्युअल्टी गाठा.

आधी १० ते १२ तास उपाशी राहून, फक्त पाणी पिऊन टेस्ट परत करा. सोबत थायरॉइड आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची टेस्ट). मग तारीख नसली तरी एआरटी सेंटरला जा, रिपोर्ट आणि दोन्ही गोळ्यांची पाकिटं घेऊन. लोपिनाविर-रिटोनाविर ट्रायग्लिसराइड वाढवण्यासाठी ओळखलं जातं. डोल्युटेग्राविर ही एआरटीचीच दुसरी गोळी त्या मानाने पुष्कळ बरी, पण दादांचा आधीचा रेझिस्टन्स (विषाणू कोणत्या गोळ्यांना दाद देत नाही ते) बघून सेंटरचे डॉक्टरच ठरवतील. तोवर एआरटीची एकही गोळी बंद करायची नाही, हे दादांना पण सांगा.

प्रतिसाद २
फॅमिली डॉक्टरांना सांगावं असं मला वाटतं, कारण उद्या ॲसिडिटी, दमा, साधी खाज यासाठी पण ते काहीतरी लिहून देणार. दम्याचे काही पंप, खाजेचे काही क्रीम पण रिटोनाविरबरोबर चालत नाहीत. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार काही अपवाद सोडले तर डॉक्टर संमतीशिवाय कोणाला सांगू शकत नाहीत. कंपाउंडर नसताना एकट्यानेच भेटा. १०९७ या एड्स हेल्पलाइनवर आधी बोलून घ्या, मोफत आहे.

धागाकर्ती
खूप खूप आभार. आज उपाशीपोटी रक्त दिलं, ४३८ आलं. सोमवारी दादासोबत सेंटरला मी पण जातेय. चहात साखर बंद म्हटल्यावर आधी चिडला, मग म्हणाला निम्मी करतो. फॅमिली डॉक्टरांचं अजून नाहीच म्हणतोय, पण रिटोनाविरचं नाव कागदावर लिहून पाकिटात ठेवलंय त्याने, तेवढं तरी झालं.