1951 चे न्यूयॉर्क जायंट्स : पेनंट दुर्बिणीने जिंकून दिले का?

उत्सुक_वाचक :
नमस्कार. 3 ऑक्टोबर 1951 रोजी पोलो ग्राउंड्सवर जायंट्सच्या बॉबी थॉमसनने डॉजर्सच्या राल्फ ब्रँकाच्या चेंडूवर मारलेला, बेसबॉलमधले पेनंट (नॅशनल लीगचे विजेतेपद) मिळवून देणारा होमरन अमेरिकेत आजही आठवला जातो. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात जायंट्स संघ ब्रुकलिन डॉजर्सच्या साडेतेरा सामने मागे होता, आणि तरीही शेवटच्या 44 पैकी 37 सामने जिंकून त्याने डॉजर्सला गाठले, एवढे मला ठाऊक होते. पण त्या काळात जायंट्सचे लोक दुर्बिणीतून कोणता चेंडू टाकायचा हे पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) सांगणाऱ्या प्रतिस्पर्धी कॅचरच्या (फलंदाजामागे चेंडू पकडणाऱ्याच्या) खुणा वाचत होते, असे अलीकडे वाचनात आले. हजारो प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत हे कसे जमत असे, आणि त्या यशातला किती वाटा या चोरीचा होता, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

बुलपेनचा_बाक :
सगळी युक्ती पोलो ग्राउंड्सच्या विचित्र रचनेवर उभी होती. बहुतेक मैदानांत खेळाडूंची खोली प्रेक्षागृहाखाली असते. इथे मात्र ती सेंटर फील्डच्या पलीकडे, फलंदाजाच्या अगदी समोर, सुमारे 480 फुटांवर होती आणि तिच्या खिडक्या थेट मैदानावर उघडत. क्रिकेटच्या भाषेत बोलायचे तर यष्टिरक्षकाने गोलंदाजाला बोटांनी केलेली खूण साइटस्क्रीनमागे बसून वाचण्यासारखा हा प्रकार होता.

हँक शेंझ नावाचा राखीव खेळाडू त्याच उन्हाळ्यात संघात आला आणि येताना स्वतःची दुर्बीण घेऊन आला. व्यवस्थापक लिओ ड्यूरोशर यांनी जुलैमध्ये खेळाडूंची बैठक घेऊन, येणाऱ्या चेंडूची आगाऊ खबर कोणाकोणाला हवी, असे सरळ विचारले. सगळ्यांनी होकार दिला नाही. माँटी आयर्विनसारख्या बिनीच्या फलंदाजालाही ती नको होती. पुढे दुर्बिणीमागे हर्मन फ्रँक्स हे प्रशिक्षक बसू लागले. स्वतः कॅचर राहिलेले असल्याने त्यांना खुणांची भाषा पटकन उलगडत असे.

खेळाडूंच्या त्या खोलीतून बुलपेनपर्यंत (राखीव पिचर सराव करतात त्या जागेपर्यंत) विजेची तार टाकलेली होती. फ्रँक्स यांनी बटण दाबले की बुलपेनमध्ये घंटी वाजे, आणि तिथे बसलेला राखीव कॅचर सॅल यव्हार्स हातातला चेंडू तसाच धरून ठेवी किंवा वर उडवी. चेंडू हातातच राहिला तर फास्टबॉल, वर उडाला तर वळणारा चेंडू. बुलपेनमध्ये चेंडूशी चाळा करणारा माणूस कोणाच्या डोळ्यात खुपणार? गमतीचा भाग असा की ही तार ज्या वीजतंत्र्याने जोडून दिली, तो मनाने पक्का डॉजर्सचा होता.

आकडेमोड :
यंत्रणेचे वर्णन चोख आहे, परंतु तिच्या परिणामाबद्दल मी साशंक आहे. 20 जुलैपासून ती सुरू झाली, आणि त्यानंतर जायंट्सची घरच्या मैदानावरील फलंदाजीची सरासरी वाढण्याऐवजी किंचित घसरली, तर बाहेरच्या मैदानांवर, जिथे दुर्बीण नव्हतीच, ती सुधारली. त्या हंगामात सॅल मॅग्ली आणि लॅरी जॅन्सन या दोन पिचरांनी प्रत्येकी 23 सामने जिंकले, त्याचे श्रेय कोणत्या घंटीला द्यायचे? हंगामअखेरची बरोबरी सोडवणाऱ्या प्लेऑफच्या तीन सामन्यांपैकी दुसरा सामना तर जायंट्स पोलो ग्राउंड्सवरच 10-0 असा हरले.

बुलपेनचा_बाक :
सरासरीचा मुद्दा मान्य. पण 154 सामन्यांनंतर दोन्ही संघ 96 विजय, 58 पराभव अशा बरोबरीत होते, हे विसरून चालणार नाही. एवढ्या मोठ्या हंगामात चोरलेल्या खुणेने एकच सामना जरी जिंकून दिला असेल, तरी त्याच्याविना प्लेऑफच झाला नसता. म्हणून एकूण सरासरीवरून ड्यूरोशर यांना निर्दोष ठरवणे मला पटत नाही.

उत्सुक_वाचक :
दोघांचेही आभार. मग त्या होमरनच्या चेंडूची खूण थॉमसनला मिळाली होती का? आणि हे सारे तेव्हा नियमबाह्य होते का?

जुना_प्रेक्षक :
थॉमसनने त्या चेंडूची खबर आपल्याला मिळाल्याचे नाकारले. त्याच्या बाजूने एक गोष्ट आहे : नवव्या डावात तो खेळायला आला तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर धावपटू होते, आणि दुसऱ्या बेसवरच्या धावपटूला कॅचरची बोटे दिसतात म्हणून अशा वेळी खुणांचा क्रम बदलून गुंतागुंतीचा केला जातो. धावसंख्या 4-2 अशी डॉजर्सच्या बाजूने होती. पहिला चेंडू त्याने सोडला, तो स्ट्राइक ठरला, आणि दुसरा अंगाजवळ, उंच आलेला फास्टबॉल डावीकडच्या स्टँडमध्ये गेला.

नियमाचे म्हणाल, तर असे उपकरण वापरू नये असा स्पष्ट नियम 1951 मध्ये नव्हता. नॅशनल लीगने बंदी घातली ती पुढे दहा वर्षांनी. तुलनेला ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजचे प्रकरण पाहा : 2017 मध्ये कॅमेऱ्यातून खुणा पाहून डगआउटजवळ (खेळाडूंच्या बाकांजवळ) कचऱ्याचा डबा बडवला जात असे, आणि 2020 च्या जानेवारीत त्या संघाला पन्नास लाख डॉलर दंड झाला.

मला स्वतःला मात्र दुर्बिणीपेक्षा मौनाचे अधिक नवल वाटते. ब्रँकाला हा प्रकार 1954 मध्ये, डेट्रॉइट संघात असताना, टेड ग्रे या सहकाऱ्याकडून कळला. रडगाणे गाणारा पराभूत ठरायचे नाही म्हणून त्याने जाहीरपणे तोंड उघडले नाही. पुढे कित्येक वर्षे तो आणि थॉमसन एकाच टेबलाशी बसून त्या क्षणाच्या छायाचित्रांवर सह्या करत राहिले, आणि त्या सगळ्या काळात ब्रँका थॉमसनशी या विषयावर बोलला नाही. अखेर 2001 च्या जानेवारीत जोशुआ प्रेगर यांनी हयात असलेल्या खेळाडूंशी बोलून वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये सविस्तर लेख लिहिला. त्यानंतर मगच दोघांत ती गोष्ट उघडपणे निघाली.

आकडेमोड :
ब्रँकाचा मुद्दा मोलाचा आहे. तरीही त्या चेंडूपुरता मी थॉमसनच्या बाजूने आहे. शिवाय जायंट्स त्यानंतरच्या वर्ल्ड सिरीजमध्ये (दोन लीगांच्या विजेत्यांमधील अंतिम मालिकेत) यांकीजकडून 4-2 असे हरले, तेव्हा सहापैकी तीन सामने पोलो ग्राउंड्सवरच झाले होते.