पेनड्राइव्हमधले फोल्डर शॉर्टकट झाले, आता रोज सकाळी एक चौकट येते

टंकलेखिका (सिडको, नाशिक)

नमस्कार. मी घरी टायपिंगची कामं करते. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, हक्कसोडपत्रं, मुक्त विद्यापीठाच्या पोरांचे प्रकल्प. प्रिंट मात्र सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानातून काढते, कारण पक्षकार तिथंच उभे असतात आणि लेजर पेपरही तिथंच मिळतो. त्यामुळे पेनड्राइव्ह रोज तिकडं जाऊन येतो.

मागच्या महिन्यात तो घरी लावला तर सगळ्या फोल्डरांच्या कोपऱ्यात छोटा बाण. उघडले तर नेहमीसारखे उघडले. पुढे विंडोजच्याच अँटीव्हायरसनं काहीतरी पकडलं आणि काढून टाकल्याचं सांगितलं. तेव्हापासून संगणक चालू केला की मधोमध चौकट येते: विंडोज स्क्रिप्ट होस्ट, स्क्रिप्ट फाईल सापडत नाही. खाली लांबलचक पत्ता, त्यात ॲपडेटा, रोमिंग वगैरे, आणि शेवटी काहीतरी अगम्य अक्षरं आणि डॉट व्हीबीएस, म्हणजे स्क्रिप्टची (आदेशांच्या यादीची) फाईल. ओके दाबलं की जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

त्यात भाच्यानं टास्क मॅनेजर उघडून दाखवला. एसव्हीसीहोस्ट नावाची रांगच्या रांग. तो म्हणतो हाच व्हायरस, सगळ्यांना एंड टास्क मार. शिवाय उजव्या कोपऱ्यात अधूनमधून लाल पाटी येते की तुमच्या संगणकात व्हायरस सापडलेत, सदस्यत्वाचं नूतनीकरण करा. मी असलं सदस्यत्व कधी घेतलेलंच नाही. आणि पीडीएफ जोडायचं एक छोटं सॉफ्टवेअर आहे ते आता उघडत नाही, एमएसव्हीसीपी१४० डॉट डीएलएल मिळत नाही म्हणतं. ही फाईल फुकट देणाऱ्या साइट पुष्कळ दिसतायत. उतरवून घेऊ का?

दुरुस्तीवाला म्हणतो फॉरमॅट मारू. पण माझ्याकडं जुने मराठी फॉन्ट आहेत, डाँगलवर, म्हणजे यूएसबीत खोचलेल्या किल्लीवर, चालणारं टायपिंगचं सॉफ्टवेअर आहे, आणि इतक्या वर्षांचे मसुदे. फॉरमॅट टाळता आला तर बरं. विंडोज १०, ८ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क.

पंचवटीकर

फॉरमॅट मारा, विषय संपवा. एवढं डोकं कशाला लावायचं.

सोल्डरवाला (नाशिकरोड)

ताई, फॉरमॅट मारू नका. पंचवटीकरांचा मशीन गेम खेळायचा असेल. ज्याच्या मशीनवर डाँगल आणि जुने फॉन्ट आहेत त्याला फॉरमॅटनंतर काय काय शोधत फिरावं लागतं ते मी गिऱ्हाइकांच्या तोंडून रोज ऐकतो.

तुमच्या चारही तक्रारींचा एकमेकींशी फारसा संबंध नाही. एकाच वेळी दिसल्या म्हणून एकच रोग वाटतोय.

आधी चौकट. व्हायरसची फाईल अँटीव्हायरसनं उडवली, पण संगणक चालू होताना ती चालवायची अशी जी नोंद व्हायरसनं करून ठेवली होती ती तशीच राहिली. भाडेकरू खोली सोडून गेला तरी त्याचा दूधवाला रोज बेल वाजवतोय, तसं. म्हणजे ही चौकट दिसणं तसं चांगलंच लक्षण आहे. फाईल जागेवर असती तर चौकट आलीच नसती, गुपचूप काम चालू राहिलं असतं.

ती नोंद शोधायला मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून ऑटोरन्स नावाचं साधन घ्या. सिसइंटर्नल्सच्या संचातलं आहे, फुकट आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. लॉगऑन आणि शेड्यूल्ड टास्क्स हे दोन टॅब बघा. ज्या नोंदीची फाईल जागेवर नाही ती पिवळी दिसते. मात्र पिवळं दिसलं की उडवलं असं करू नका, काढून टाकलेल्या प्रिंटरच्या जुन्या नोंदीही पिवळ्या असतात. चौकटीत जो पत्ता येतो तोच पत्ता असलेली ओळ शोधा, आधी फक्त टिक काढा, संगणक पुन्हा चालू करा. चौकट नाही आली तर मग ती ओळ डिलीट. हे सगळं झाल्यावर विंडोज सिक्युरिटीत जाऊन ऑफलाइन स्कॅन लावा. मशीन बंद होऊन चालू होईल आणि विंडोज उघडण्याआधीच तपासणी होईल. साधारण १५ मिनिटं धरा, तुमच्या हार्ड डिस्कवर थोडं जास्त.

आता पेनड्राइव्ह. तुमचे फोल्डर कुठं गेलेले नाहीत, लपवलेत. पूर्वी पेनड्राइव्ह खोचला की ऑटोरन या विंडोजच्या सोयीनं (वरच्या ऑटोरन्स साधनाशी हिचा संबंध नाही) व्हायरस आपोआप चालायचा. मायक्रोसॉफ्टनं २०११ मध्ये जुन्या विंडोजसाठीही अपडेट देऊन ते दार बंद केलं. मग या लोकांनी खरं फोल्डर लपवायचं, त्याच नावाचा शॉर्टकट ठेवायचा, आणि क्लिक माणसाकडूनच करून घ्यायचा हा धंदा वाढवला. शॉर्टकटवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये टार्गेटची ओळ वाचा. तिथं फोल्डरचं नाव असायला हवं, त्याऐवजी सीएमडी किंवा डब्ल्यूस्क्रिप्ट हे आदेश चालवणारे विंडोजचे प्रोग्रॅम, मग स्क्रिप्टचं नाव आणि त्याच्यापुढं फोल्डर उघडायचा आदेश अशी मालगाडी दिसेल. स्क्रिप्टही चालते, फोल्डरही उघडतो, म्हणून माणसाला संशय येत नाही.

फायली परत दिसायला कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि इंग्रजीत टाईप करा: ॲट्रिब, जागा, मायनस एच, जागा, मायनस आर, जागा, मायनस एस, जागा, स्लॅश एस, जागा, स्लॅश डी, जागा, मग पेनड्राइव्हचं अक्षर, कोलन, उलटा स्लॅश आणि फुली, म्हणजे स्टार. अक्षर नीट बघा. तिथं सी टाकू नका. कधी कधी सगळ्या फायली एका बिननावाच्या फोल्डरमध्ये कोंबलेल्या निघतात, ते दिसलं तर दचकू नका, आतून फायली बाहेर काढा. बाण असलेले सगळे शॉर्टकट आणि डॉट व्हीबीएस फायली मग उडवा.

एसव्हीसीहोस्टच्या नादी भाच्याला लागू देऊ नका. तो विंडोजचा स्वतःचा भाग आहे. विंडोज १० मध्ये २०१७ च्या अपडेटपासून, साडेतीन जीबीच्या वर रॅम असेल तर पडद्यामागं चालणाऱ्या बहुतेक सेवांना वेगवेगळा एसव्हीसीहोस्ट मिळतो. ८ जीबीच्या मशीनवर रांग दिसणारच. भलताच बंद केला तर आवाज तरी जाईल नाहीतर इंटरनेट. चोर ओळखायचा तो नावावरून नाही, पत्त्यावरून. डीटेल्स टॅबमध्ये राइट क्लिक, ओपन फाईल लोकेशन. विंडोजमधलं सिस्टिम३२ उघडलं तर चिंता नाही. ॲपडेटा, टेम्प किंवा डाउनलोड्स उघडलं तर मग बोलू. आणि स्पेलिंग वाचा. व्ही आणि सी ची अदलाबदल केलेले, ओ च्या जागी शून्य घातलेले तोतये असतात.

लाल पाटी ही बहुतेक ब्राउझरची नोटिफिकेशन आहे. कुठल्यातरी साइटवर 'अलाऊ' दाबलं गेलंय. पाटीवर बारीक अक्षरात ब्राउझरचं आणि साइटचं नाव असतं, बघा. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, आणि ओळखीच्या नसलेल्या सगळ्या साइट काढून टाका. पाटीवर क्लिक करू नका, तिथला नंबर तर अजिबात लावू नका.

डीएलएल, म्हणजे सॉफ्टवेअरला लागणारी मदतनीस फाईल, सुटी घेऊ नका. कुणाकडूनच. ती फाईल व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल या मायक्रोसॉफ्टच्या संचात येते. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून एक्स६४ आणि एक्स८६ दोन्ही टाका. विंडोज ६४ बिटचं असलं तरी छोटी सॉफ्टवेअर बरीचशी ३२ बिटची असतात, त्यांना एक्स८६ लागतो. लोक एकच टाकतात आणि पुन्हा बोंब मारतात.

पंचवटीकर

तरी मी म्हणेन विंडोजच्या फायली खराब झाल्या असतील तर?

सोल्डरवाला

तर त्याला फॉरमॅटच्या आधीची पायरी आहे. ॲडमिनचा कमांड प्रॉम्प्ट, त्यात विंडोजच्या फायली दुरुस्त करणारे दोन आदेश: आधी डीआयएसएमचा रीस्टोअरहेल्थ, मग एसएफसी स्कॅननाऊ. याच क्रमानं, कारण एसएफसी ज्या साठ्यातून चांगली प्रत घेतो तो साठाच डीआयएसएम दुरुस्त करतो. डीआयएसएम मध्येच, बऱ्याचदा ६२ टक्क्यांच्या आसपास, अडकल्यासारखा दिसतो. अडकलेला नसतो. चहा घेऊन या.

द्राक्षबाग (पिंपळगाव बसवंत)

मधेच तोंड घालतो. आमच्याकडं माल एक्स्पोर्टला जायच्या दिवसांत मेलवर रेसिड्यूचे, म्हणजे मालात उरलेल्या औषधांच्या अंशाचे, रिपोर्ट येतात. त्यात एक आला, नाव रिपोर्ट डॉट पीडीएफ, चिन्हही पीडीएफचं. मुलानं फाईल एक्स्प्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन फाईल नेम एक्स्टेन्शन्सवर टिक केली तर पुढं डॉट ईएक्सई निघालं. विंडोज ही शेपटी आपण होऊन लपवून ठेवतं. ही टिक मी सगळ्यांना करायला सांगतो. ताई, तुम्हाला तर अनोळखी माणसांच्या फायली रोज येत असतील.

अशी फाईल न उघडता व्हायरसटोटल या साइटवर टाकायची, साठ-सत्तर अँटीव्हायरस एकदम तपासून सांगतात. शिवाय सीईआरटी-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्र आहे, २०१७ पासूनचं. तिथं फुकट साधनं आहेत, यूएसबी प्रतिरोध नावाचं खास पेनड्राइव्हसाठीही आहे.

सोल्डरवाला

शेपटीचं बरोबर. पण व्हायरसटोटलला एक पुरवणी. तिथं टाकलेली फाईल सुरक्षा कंपन्या आणि तिथले पैसे भरणारे सदस्य मिळवू शकतात. ईएक्सई टाका, पण कुणाचं प्रतिज्ञापत्र, आधार, हक्कसोडपत्र टाकू नका. कागद गिऱ्हाइकाचा आहे, तुमचा नाही. फार संशय असेल तर फाईलचा एसएचए२५६ हॅश, म्हणजे तिच्या अंगठ्याच्या ठशासारखी अक्षरांची ओळ, काढा, विंडोजमधल्या सर्टयुटिलनं निघतो, आणि फक्त तो हॅश तिथं शोधा. फाईल आधी कुणी तपासलेली असेल तर निकाल दिसतो. एखाद्या नवख्या अँटीव्हायरसनं एकट्यानंच लाल दाखवलं तर घाबरायचं कारण नाही. मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरवर अशी खोटी बोंब नेहमी होते, कारण ती कीबोर्डच्या दाबलेल्या कळा पकडतात आणि कळा चोरणारे व्हायरसही तेच करतात.

आणि ताई, विंडोज १० चे नेहमीचे मोफत सिक्युरिटी अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. मशीन ११ घेत नसेल तर एक्स्टेंडेड अपडेटचा पर्याय अपडेटच्या सेटिंगमध्ये बघा. कोर्टाचे कागद बाळगणाऱ्या मशीनवर ते सोडू नका.

टंकलेखिका

सगळ्यांचे आभार. ऑटोरन्समध्ये लॉगऑनलाच सापडली ओळ, पत्ता अक्षर न् अक्षर तोच. टिक काढली, चौकट गेली. ऑफलाइन स्कॅन स्वच्छ आला. ॲट्रिबनं सगळे फोल्डर परत आले, वर एक २०१९ चा मसुदा सापडला जो हरवला म्हणून मी पुन्हा टाईप केला होता! पीडीएफवालं एक्स८६ टाकल्यावर उघडलं. नोटिफिकेशनमध्ये एका पाककृतीच्या साइटचं नाव होतं, काढलं.

झेरॉक्सवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला आमच्याकडं तर सगळ्यांचेच पेनड्राइव्ह असेच आहेत. आता मी पीडीएफ करून त्याला मेल करते, पेनड्राइव्ह घरीच.

एकच शंका उरली. लपलेल्या फायली दाखवा केल्यापासून माझ्या मसुद्यांच्या शेजारी टिल्ड आणि डॉलर लावलेल्या फिकट फायली दिसतायत, नावं माझ्याच मसुद्यांची. आणि डेस्कटॉपवर डेस्कटॉप डॉट आयएनआय अशा दोन. हे काय आता?

सोल्डरवाला

टिल्ड-डॉलरवाल्या वर्डच्या. मसुदा उघडा असेपर्यंत वर्ड ती ठेवतो, बंद केला की जाते. मध्येच लाईट गेली की मागे राहते. वर्ड पूर्ण बंद करून खुशाल उडवा. आयएनआय विंडोजची आहे, उडवली तरी पुन्हा उगवेल. नजरेला खुपत असेल तर लपलेल्या फायलींची टिक काढा, पण द्राक्षबागवाल्यांनी सांगितलेली शेपटीची टिक राहू द्या.