यूएक्स रिसर्चमधले नवखे: पोर्टफोलिओ तपासून घडतात की मुलाखतीला नेऊन?

मुलाखतवाली
अ‍ॅप किंवा सेवा वापरणाऱ्या माणसांना भेटून त्यांच्या अडचणी समजून घेणं, हे माझं पुण्यातलं काम, यालाच यूएक्स (वापरकर्त्याचा अनुभव) रिसर्च म्हणतात. मानसशास्त्र, समाजकार्य, मानववंशशास्त्र शिकलेली मुलं या क्षेत्रात यायला धडपडतात आणि बहुतेकांची विनंती एकच असते, "ताई, पोर्टफोलिओ बघाल का?" म्हणजे केलेल्या कामाचे नमुने. आपण बघतो, दोन सूचना करतो आणि मेंटरिंग केलं असं म्हणतो. मला हे पटत नाही. नवख्याला मुलाखतीला सोबत न्यायला हवं.

एका मुलीला मी तसं नेलं होतं. बचत गटातल्या एका ताईंना तिने विचारलं, "मोबाइलवरून पैसे पाठवणं सोपं जातं का?" ताई म्हणाल्या, "हो, एकदम सोपं." मुलीने ते लिहून घेतलं आणि ती पुढच्या प्रश्नाकडे वळली. मी थांबवून विचारलं, "मागच्या वेळी पाठवले तेव्हा काय काय केलंत, दाखवता?" ताईंनी फोनचं कव्हर काढलं. आत घडी घातलेली चिठ्ठी होती. कुठलं बटण आधी, कुठलं नंतर, हे मुलाने लिहून दिलेलं. चौथी पायरी खोडून शेजारी नवीन लिहिली होती, कारण अपडेटनंतर बटणाची जागा बदलली होती. कुठल्या कोर्समध्ये हे शिकवणार?

वस्तुनिष्ठ
असहमत. ते कुणाचं तरी घर आहे, शिकाऊंचा वर्ग नाही. लहानशा खोलीत दोन अनोळखी माणसं बसली की बोलणारी व्यक्ती आधीच अवघडते, तिथे तिसरं कशाला? तुम्ही म्हणाल परवानगी घेतली होती. पण ज्या भिडेने ताई "एकदम सोपं" म्हणाल्या, त्याच भिडेने "येऊ दे की तिलाही" म्हणतात. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदासुद्धा मोकळेपणाने आणि ठरावीक कारणासाठी दिलेलीच संमती धरतो. त्यात ग्राहकाशी, म्हणजे रिसर्चचं काम देणाऱ्या कंपनीशी, गोपनीयतेचा करार असतो तो वेगळाच.

दुसरं म्हणजे, २०२२-२३ च्या नोकरकपातीत मोठ्या कंपन्यांनी रिसर्चची माणसंही कमी केली. 'फ्रेशर चालेल' अशी जाहिरात शोधून सापडत नाही. मुलांना स्वप्नं दाखवण्याआधी हे सांगा.

मुलाखतवाली
@वस्तुनिष्ठ, भिडेचा मुद्दा मान्य. म्हणून मी फोनवर विचारते आणि दारात पुन्हा विचारते, तेव्हा नवख्याला मागे थांबवते. पण तिसरं माणूस कुणी सांगितलं? एक प्रश्न विचारतो, एक टिपणं घेतो, ही दोन माणसं लागतातच. टिपणाची वही नवख्याच्या हातात द्या एवढंच म्हणतेय. आधी नुसतं लिहायचं, मग शेवटचे दोन प्रश्न विचारायचे.

नवी_पालवी
मी समाजकार्यात एमए केलंय, वर्षभर काम शोधतेय. मैत्रिणींच्या मुलाखती घेऊन पोर्टफोलिओ केला. एसटीचं तिकीट, वीजबिल, सगळे नमुने झाले. पण मैत्रिणी मला आवडेल तेच बोलतात, त्यातून काय शिकणार? पूर्वी ज्युनिअरला निदान रेकॉर्डिंग ऐकून उतरवून काढायचं काम मिळायचं. ते आता मशीन करतं. वस्तुनिष्ठ दादा, नोकऱ्या कमी आहेत हे आम्हाला रोज कळतं. वही धरायचं काम द्या, आणि कृपा करून त्याचे पैसेही द्या. फुकट राबणं घरच्यांच्या जिवावरच परवडतं, ते सगळ्यांना जमत नाही.

मराठवाडी_माणूस
मशीनच्या भरवशावर राहू नका. आमच्याकडच्या बायका भरभर बोलायला लागल्या की यंत्राने उतरवलेल्या मजकुरात वाक्यंच्या वाक्यं चुकतात. मूळ आवाज ऐकून ते तपासायला बोली कळणारं माणूस लागतं. ते पगारी काम आहे आणि ते नवख्यांनाच द्यावं.

वस्तुनिष्ठ
पैशांबाबत नवी पालवीशी शंभर टक्के सहमत. पण देणार कोण? कोटेशनमधली टिपणं घेणाऱ्याची ओळ ग्राहक सगळ्यात आधी खोडतो. मग एकटा रिसर्चर रेकॉर्डर लावून जातो.

मुलाखतवाली
खोडली तर मी दहाऐवजी आठ मुलाखती धरते आणि वाचलेल्या पैशांतून तिला मानधन देते. ग्राहकाला तसं लेखी कळवते.

वस्तुनिष्ठ
इथे आपलं जमणार नाही. वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नीलसन यांनी २००० साली मांडलं की पाच जणांकडून चाचणी घेतली तरी सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात, म्हणून कमी माणसं पुरतात असं वाटेल. पण तो हिशेब एकाच प्रकारच्या वापरकर्त्यांसमोर एक स्क्रीन ठेवून तपासण्यापुरता आहे. खातं कोणाच्या नावावर, फोन कोणाच्या हातात, पैसे कोण ठरवतं, हे घरागणिक बदलतं. अशा घरोघरच्या अभ्यासात दोन घरं वगळली तर विधवा बाई किंवा मुलगा शहरात असलेली म्हातारी यादीतून गळते. नवख्याला शिकवण्याची किंमत तिने का मोजावी? मुलाखती दहाच ठेवा, मानधन आपल्या फीमधून द्या. मी पुढच्या कामात तसं करून बघायला तयार आहे.