ग्रेट्स्कीचं १९७९-८० चं रुकी कार्ड: अस्सल कसं ओळखायचं?

प्रश्न: आइस हॉकीपटू वेन ग्रेट्स्कीचं १८ नंबरचं रुकी कार्ड (खेळाडूचं पहिलं कार्ड) ग्रेडिंगशिवाय, म्हणजे तज्ज्ञांनी तपासून दर्जा न दिलेलं, विकायला आलंय. कडा खडबडीत आहेत. घ्यावं का?

उत्तर १: मागची बाजू बघा. इंग्रजीसोबत फ्रेंच असेल तर कॅनडाच्या ओ-पी-ची कंपनीचं, नुसतं इंग्रजी असेल तर अमेरिकेच्या टॉप्स कंपनीचं. ओ-पी-ची कार्डं तारेने कापायचे, म्हणून त्यांची खडबडीत कड उलट चांगलीच. गुळगुळीत असती तर शंका घ्या. अडीच बाय साडेतीन इंचांपेक्षा कमी भरलं तर कड छाटलेली असू शकते.

उत्तर २: दहापट भिंगातून मागची अक्षरं पाहा. सलग शाईची हवीत. ठिपक्यांची दिसली तर स्कॅन करून छापलेली नक्कल. निळी बॉर्डर कोपऱ्यांवर लगेच पांढरी पडते, तिथे पेनाने रंग भरतात. तिरक्या उजेडात तो चकाकतो. नुसत्या फोटोवरून हे कार्ड घेऊच नका.