आयएएसएनआरच्या कॉन्फरन्सला पहिल्यांदाच जातेय, गावाबद्दल काय आणि किती सांगू?

पळसपान:
नमस्कार मंडळी. मी पुण्यात पीएचडी करतेय, तिसरं वर्ष. सामूहिक वनहक्क (म्हणजे जंगलावर अख्ख्या गावाचा मिळून हक्क) मिळालेल्या ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव, मजुरी, हिशोब हे सगळं स्वतः कसं चालवतात हा विषय, आणि फील्डवर्क गडचिरोलीत. पर्यावरणावर काम करणाऱ्या समाजशास्त्रज्ञांची जी वार्षिक कॉन्फरन्स असते आयएएसएनआरची (जुने लोक आयएसएसआरएम म्हणतात), तिथे माझा अ‍ॅबस्ट्रॅक्ट सिलेक्ट झालाय. आनंद आहेच, पण दोन गोष्टींनी झोप उडालीय. एक म्हणजे पैसे, विभागाकडून निम्मेच मिळतील असं दिसतंय. आणि दुसरी जास्त टोचणारी. मागच्या महिन्यात गावात गेले होते, संध्याकाळी अंगणात बसून मावशींबरोबर पुडे बांधत होते (७० पानांचा एक पुडा, माझा अजूनही सैल होतो, त्या सोडून परत बांधतात), तेव्हा एका काकांनी विचारलं, "बाई, तिकडं जाऊन आमचं काय सांगणार?" मी काहीतरी बोलले पण खरं म्हणजे मला उत्तर देता आलं नाही. कोणी जाऊन आलंय का? तिथे नेमकं काय ऐकायला आवडतं लोकांना, आणि ग्रामसभेच्या वहीचे फोटो दाखवू का?

उत्तरेचा वारा:
अभिनंदन! मी २०१७ ला गेलो होतो, स्वीडनमधल्या उमिओला. जूनचे दिवस, रात्री अकराला लख्ख उजेड, गावभर बर्चची झाडं, पहिले दोन दिवस झोपच नाही. पैशाचं आधी सांगतो. विद्यार्थ्यांसाठी फी कमी असते, ट्रॅव्हल ग्रँट आहे का ते आयोजकांना आजच मेल करून विचारा आणि व्हिसासाठी लागणारं पत्र त्याच मेलमध्ये मागा, यात माझा महिना फुकट गेला होता.

आता बोलण्याचं. तुम्हाला साधारण पंधरा मिनिटं मिळतील, प्रश्न धरून. ही परिषद सुरू झाली १९८६ मध्ये, अमेरिकेत ओरेगॉनमधल्या कॉर्व्हालिसला, आणि तेव्हाचा मोठा विषय होता नॅशनल पार्कमध्ये, जंगलात फिरायला येणारी माणसं, गर्दी किती, त्यांना काय आवडतं वगैरे. आता वणवे, मासेमारी, वन्यप्राणी, आदिवासींचे हक्क सगळं असतं पण तरी तुम्ही 'जंगल' म्हणालात की हॉलमधल्या निम्म्या लोकांच्या डोळ्यासमोर शनिवारी तंबू घेऊन जायची जागा येते. जिथे माणसं राहतात, मोहफूल वेचतात, जिथे त्यांचे देव आहेत ते जंगल त्यांना पहिल्या मिनिटातच दाखवावं लागतं. मी कायदा समजावण्यात आठ मिनिटं घालवली आणि मुख्य मुद्द्याला आलो तेव्हा घंटी वाजली. तुम्ही पुडा बांधण्यापासूनच सुरुवात करा. आणि हो, खरी ओळख जेवणाच्या रांगेत होते. मला रेनडियर पाळणाऱ्यांबरोबर काम करणारी एक संशोधक तिथेच भेटली, चराईच्या वाटा कोण ठरवतं यावर आम्ही दोन तास बोललो, आजही मेल चालू असतात.

कोरचीकर:
ताई, मी इकडचाच, ग्रामसभांसोबत काम करतो. वहीचे फोटो नका दाखवू. स्पष्ट सांगतो. आमच्या इथं एक अभ्यासक आले होते, चांगले होते माणूस म्हणून, पण त्यांनी मजुरीच्या वहीचं पान जसंच्या तसं स्लाइडवर टाकलं, नावं आणि रकमेसकट, ते पीपीटी नंतर फिरत फिरत बाजूच्या गावात पोचलं आणि कोणाला किती मिळाले यावरून सहा महिने भांडण. लोकं अजून विचारून राहिले की आमचं नाव कोणाला विचारून टाकलं.

तुम्ही आपल्या गडचिरोलीतल्या मेंढा लेखा गावाबद्दल वाचलंच असेल, २००९ ला सामूहिक वनहक्क मिळाला, जवळपास १८०० हेक्टर. पण हक्काचा कागद आला म्हणून लगेच बांबू विकता आला असं नाही, वाहतूक परवान्यासाठी भांडावं लागलं, २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः आले तेव्हा ते परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडलं. हे सगळं लढता आलं कारण त्याच्या कितीतरी आधीपासून तिथं अभ्यासगट चालू होता, बाहेरचे आणि गावातले एकत्र बसून वाचायचे, आणि निर्णय बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं. एक जण नाही म्हणाला तर थांबायचं. मग तुमच्या पंधरा मिनिटांसाठी एक संध्याकाळ थांबायला काय हरकत आहे? जायच्या आधी तेच भाषण गावात करा. मराठीत करा, गोंडीत सांगायला कोणीतरी मिळेलच. काकांना उत्तर तिथंच मिळून जाईल.

जुनाजाणता:
कोरचीकरांशी पूर्ण सहमत. फक्त एक भर. २०११ च्या जानेवारीत कॉमन्सवाल्यांची (कॉमन्स म्हणजे जंगल, कुरण अशी सगळ्यांची मिळून असलेली संपत्ती) आंतरराष्ट्रीय परिषद हैदराबादला झाली होती, एलिनॉर ऑस्ट्रॉम आल्या होत्या, नोबेल मिळून दोन वर्षंही झाली नव्हती. सामायिक जंगल, कुरण लोक नीट सांभाळू शकतात हे ज्यांनी जगभरातली उदाहरणं गोळा करून दाखवलं त्या बाई. पळसपान, तुमचं काम त्याच रांगेतलं आहे, तेव्हा 'केस स्टडी' म्हणून बिचकत मांडू नका. गावाने कुठला नियम केला, कोणी मोडला तर काय केलं, पुढच्या वर्षी तो का बदलला, हे सांगा, जगात कुठेही ऐकतील. आणि पैसे जमलेच नाहीत तर ऑनलाइन मांडता येतं का विचारा, मनाला लावून घेऊ नका.

पळसपान:
सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितेय कारण मधे गावात जाऊन आले. समाजमंदिरात चादर लावून स्लाइड दाखवल्या, वहीचे फोटो काढून टाकलेत. तीस पस्तीस जण होते, बायका जास्त. तिसऱ्या स्लाइडवर मी लिहिलं होतं 'गावाला जंगल मिळालं'. माझे पुडे सोडून बांधणाऱ्या मावशी तिथेच थांबवून म्हणाल्या, "मिळालं कुठं? जंगल होतंच. कागद मिळाला." मी तीन वर्षं हा विषय वाचतेय, कायद्याच्या नावातच 'वनहक्कांची मान्यता' आहे, आणि मी 'मिळालं' लिहून बसले होते. वाक्य बदललं, पेपरचं नावही बदलायचं ठरवलंय, आयोजकांना आत्ताच मेल केला. ट्रॅव्हल ग्रँटचा अर्जही गेला. काका म्हणाले परत आल्यावर तिकडचे लोक काय म्हणाले ते इथं येऊन सांगायचं, तारीख पण ठरवून टाकली, तेंदूच्या हंगामाआधीची.