मदत हवी आहे : ब्लॅकजॅकच्या टेबलावर १६ आले की काय करावं?

नमस्कार मंडळी,

मी सांगलीची, एका सहकारी बँकेत रोखपाल आहे. पत्त्यांशी माझा संबंध रमी आणि दिवाळीतल्या तीनपत्तीपुरता. येत्या जानेवारीत आमच्या ह्यांचा पन्नासावा वाढदिवस आहे. आम्ही दोघं, धाकटे दीर आणि जाऊबाई असे चौघं गोव्याला चाललोय. एक रात्र मांडवीतल्या कॅसिनो बोटीवर जायचं ठरलंय. मागच्या वर्षीही गेलो होतो. ब्लॅकजॅक म्हणजे पानांची बेरीज २१ च्या पुढे न जाऊ देता डीलरपेक्षा, म्हणजे कॅसिनोतर्फे पानं वाटणाऱ्यापेक्षा, जास्त करायचा खेळ; चित्राचे दहा धरतात, एक्क्याचा एक किंवा अकरा. तेव्हा त्या टेबलावर मला धड काही कळलं नाही, पैसे गेले आणि वर बोलणीही खावी लागली. या वेळी समजून बसायचं आहे, म्हणून हा धागा.

मागच्या वेळचं सविस्तर सांगते, म्हणजे कुठे चुकलं ते जाणकारांना दाखवता येईल.

खुर्चीवर बसल्यावर मी पाचशेच्या नोटा डीलर मुलीच्या हातात द्यायला गेले. तिने हात मागे घेतला आणि नोटा टेबलावर ठेवायला सांगितल्या. मग एकेक नोट हिरव्या कापडावर पसरून मोजली, मोठ्याने रक्कम सांगितली आणि त्यानंतरच चिप्स पुढे सरकवल्या. हे मला आवडलं. आम्हीही काउंटरवर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत मोजतो.

पहिल्या डावात मला दश्शी आणि छक्की आली, डीलरसमोर राजा. १६ वर मी थांबले. तिचे १९ झाले, गेले पैसे. पुढे पुन्हा १६ आले, नव्वी आणि सत्ती, समोर पुन्हा चित्र. या वेळी पान मागितलं, अठ्ठी आली, संपलं. मग एकदा मला १२ आले आणि डीलरसमोर छक्की होती. १२ म्हणजे फारच कमी वाटले, म्हणून पान घेतलं, तर राणी. डीलरने तिचं दुसरं पान घेतलं, दश्शी. त्यावर पंजी. बरोबर २१! सगळं टेबल हरलं. शेवटच्या खुर्चीवरचे गृहस्थ माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, ती राणी डीलरला जायची होती. तुम्ही टेबल बिघडवलंत." पाच अनोळखी माणसं माझ्याकडे बघत होती. पैशांपेक्षा ते जास्त लागलं. तेव्हापासून प्रश्न पडलाय, माझं खरंच चुकलं होतं का?

गेले दोन महिने लेकीला डीलर करून घरी सराव करतेय. सहा जोड एकत्र पिसायचे आणि चिप्सऐवजी चिंचोके लावायचे. १६ विरुद्ध दहा ही एकच स्थिती मुद्दाम मांडून आम्ही शंभर डाव वहीत लिहिले. ५० वेळा थांबले, त्यात ११ वेळा जिंकले. ५० वेळा पान घेतलं, त्यात १० वेळा जिंकले आणि ३ वेळा बरोबरी झाली. मग १६ वर करायचं तरी काय?

दुसरी काळजी दिरांची. त्यांचं म्हणणं, ५०० ने सुरुवात करायची, हरलो की दुप्पट लावायचे, कधीतरी जिंकतोच आणि सगळं वसूल होतं. त्यासाठी एक लाख न्यायचं म्हणताहेत. भाऊजी हिशेबाचे पक्के आहेत, नुसतं "नको" म्हणून ऐकणार नाहीत. आकडे हवे आहेत.

शिवाय म्हापशाचे माझे मावसभाऊ बरोबर येतो म्हणतात. चालेल का?

प्रतिसाद : दर्यावर्दी

ताई, मी मूळचा वेंगुर्ल्याचा. सहा वर्षं क्रूझ जहाजावर डीलर होतो. टेबलावरच्या रीतीभातींचं मी सांगतो, गणिताचं दुसरं कोणी सांगेल.

नोटा हातात न घेण्याचं कारण वरचा कॅमेरा. हातातून हातात गेलेलं त्याला नीट दिसत नाही, कापडावर पसरलेलं दिसतं. त्याच कारणाने पान हवं की नको हेही हातानेच दाखवायचं, नुसतं बोलून चालत नाही. पान हवं असेल तर पानांच्या मागे टेबलावर बोट टेकवायचं. नको असेल तर तळवा पालथा करून पानांवरून आडवा फिरवायचा. दुप्पट करायचं (रक्कम दुप्पट करून एकच पान घ्यायचं) तर आधीच्या चिप्सच्या शेजारी तेवढ्याच ठेवून एक बोट दाखवायचं. जोडी फोडायची (सारख्या दोन पानांचे दोन वेगळे डाव करायचे) तर तशाच चिप्स ठेवून दोन बोटं. पानं उघडी वाटली असतील तर त्यांना अजिबात हात लावू नका, आणि पहिलं पान पडल्यावर आपल्या चिप्सनाही नाही. मोबाइल पर्समध्ये ठेवा.

बसण्याआधी टेबलावरचा फलक आणि कापडावरची अक्षरं वाचा. ब्लॅकजॅक, म्हणजे पहिल्याच दोन पानांत एक्का आणि दहा, याला ३ ला २ देतात की ६ ला ५? ५०० लावले असतील तर पहिल्यात ७५० मिळतात, दुसऱ्यात ६००. बाकीचे नियम तेच ठेवून एवढा एक बदल केला, तरी कॅसिनोचा फायदा शेकड्याला जवळजवळ १.४ ने वाढतो. ६ ला ५ दिसलं तर मी स्वतः त्या टेबलावर बसत नाही.

डीलरला एक विचारून घ्या, "तुम्ही दुसरं पान आधीच घेता की आमचं झाल्यावर?" तुमच्या वर्णनावरून तिने शेवटी घेतलं होतं. अशा टेबलावर डीलरला मागाहून ब्लॅकजॅक लागला तर तुम्ही दुप्पट केलेले किंवा फोडलेले सगळे पैसे जाऊ शकतात. म्हणून तिथे डीलरसमोर दहा किंवा एक्का असताना ११ वर दुप्पट करू नका आणि अठ्ठ्याही फोडू नका, साधं पान घ्या.

प्रवेशाच्या पॅकेजमध्ये मिळतात त्या ओटीपी (वन टाइम प्ले) चिप्स एकदाच खेळायच्या असतात. त्या कॅश काउंटरवर वटत नाहीत, म्हणून आधी त्याच लावा. चिप्सच्या दर्शनी किमतीवर ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के जीएसटी होता, सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के आहे. तो पॅकेजमध्ये धरलाय की वरून घेणार, हे पैसे देण्याआधी विचारा.

भाऊ गोव्याचे रहिवासी असतील तर त्यांना खेळायच्या भागात सोडणार नाहीत, १ फेब्रुवारी २०२० पासून बंदी आहे. बाकीच्यांना २१ वर्षं पूर्ण लागतात, ओळखपत्र जवळ ठेवा.

प्रतिसाद : किलवरची दश्शी

ताई, वहीत लिहून ठेवण्याची तुमची पद्धत फार आवडली. मी पुण्यात संख्याशास्त्र शिकवतो. तुमच्या पन्नास-पन्नास डावांत आलेलं उत्तर जवळजवळ बरोबर आहे.

१६ विरुद्ध दहा हा ब्लॅकजॅकमधला सगळ्यात वाईट हात आहे. थांबलात तरी आणि पान घेतलंत तरी, असे १०० रुपये लावण्यामागे सरासरी ५४ रुपये जातात. पान घेणं अगदी किंचित बरं, फरक रुपयाहूनही कमी. टेबलावर 'सरेंडर'ची सोय असेल तर अर्धे पैसे सोडून द्या. ५० गेले, ५४ नाही. म्हणजे मागच्या वर्षी त्या दोन डावांत तुमचं काहीच चुकलं नव्हतं.

१२ विरुद्ध छक्की मात्र वेगळी गोष्ट. डीलरला १७ होईपर्यंत पानं घ्यावीच लागतात, तिला पसंत-नापसंत नसते. समोर छक्की असेल तर शंभरात सुमारे ४२ वेळा ती २१ च्या पुढे जाऊन हरते. दहा असेल तर विसाच्या थोडं वर. म्हणून डीलरसमोर दोन ते सहा असताना आपण १२ ते १६ वर थांबायचं आणि तिला चुकू द्यायचं. अपवाद एकच, १२ वर समोर दुर्री-तिर्री असेल तर पान घ्या. समोर सात किंवा पुढचं काही असेल तर १७ होईपर्यंत पान घ्या. थांबायला हवं होतं हे खरं, पण १०० रुपयांमागे त्या चुकीची किंमत दोन रुपयांच्या आसपास, एवढीच.

आणि त्या गृहस्थांचं म्हणणं साफ चूक आहे. राणीच्या जागी पंजी आणि पंजीच्या जागी राणी असायची शक्यता अगदी तेवढीच होती. तसं झालं असतं तर तुमचे १७ झाले असते, डीलर बुडाली असती आणि सगळ्या टेबलाने तुमचे आभार मानले असते. पुढचं पान कोणालाच दिसत नाही. तुमच्या घेण्याने डीलर जेवढ्या वेळा वाचते तेवढ्याच वेळा बुडते. ते वाक्य मनातून काढून टाका.

बाकी थोडक्यात. एक्के आणि अठ्ठ्या फोडा (वर दर्यावर्दींनी सांगितलेला अपवाद धरून, एक्क्यासमोर एक्केही नकोत). दहाची जोडी आणि पंजांची जोडी कधीही फोडू नका. ११ वर दुप्पट करा (तिथेही तोच अपवाद), आणि डीलरसमोर नऊपर्यंत असेल तर १० वरही. एक्का अकरा धरून १७ झाले असतील तर थांबू नका, त्यावर पान घेतलं तरी २१ च्या पुढे जात नाही. कोणत्या पानांवर काय करायचं याचा हा सगळा तक्ता १९५६ मध्ये अमेरिकन लष्करात नोकरीला असलेल्या चौघांनी टेबलावरच्या गणनयंत्रांवर आकडेमोड करून प्रसिद्ध केला. मागाहून संगणकांनी तो तपासला, फारच थोडं बदलावं लागलं.

डीलरसमोर एक्का आला की 'इन्शुरन्स' विचारतात, म्हणजे डीलरला ब्लॅकजॅक लागेल यावर वेगळे पैसे लावायचे. घेऊ नका. तेरा पानांत दहाची चार, बाकी नऊ. प्रत्येक वेळी १०० लावले तर चार वेळा २०० मिळून ८०० येतात आणि नऊ वेळा ९०० जातात. रोखपालाला आणखी काय सांगू?

आता भाऊजी. ५००, १०००, २०००, ४०००, ८०००, १६०००. सहा डाव ओळीने हरले की ३१,५०० गेलेले असतात आणि सातवा डाव ३२,००० चा लावावा लागतो. तोही गेला तर ६३,५०० गेले आणि पुढच्यासाठी हवेत ६४,०००. लाखातले उरलेत साडेछत्तीस. बहुतेक टेबलांवर जास्तीत जास्त किती लावता येतात ती मर्यादा त्याआधीच आडवी येते. एका रात्री दोनशे-सव्वादोनशे डाव होतात. तेवढ्यात ओळीने सहा हार येण्याची शक्यता न येण्यापेक्षा बरीच जास्त आहे. आणि हे सगळं कशासाठी, तर प्रत्येक फेरीत ५०० मिळवण्यासाठी. त्यांना चिंचोके घेऊन लेकीसमोर बसवा.

चांगल्या नियमांच्या टेबलावर तक्त्याप्रमाणे खेळलात तर कॅसिनोचा फायदा शेकड्याला अर्धा रुपया असतो. तासाला ६० डाव, प्रत्येकी ५०० रुपये, म्हणजे सरासरी तासाला दीडशे रुपये. पण एका तासात चार-साडेचार हजार वर किंवा खाली होणं नेहमीचं आहे. तेवढी तयारी असेल तरच बसा.

धागाकर्ती

दर्यावर्दीदादा, दश्शीसर, दोघांचे मनापासून आभार. काल रात्री तुमचे प्रतिसाद जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचले. ते गृहस्थ चुकीचे होते हे ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढीशी गोष्ट, पण वर्षभर मनात होती.

भाऊजींना चिंचोक्यांवर बसवलं. पाचशे धरून सुरुवात केली. पहिला पाऊण तास जिंकत होते, मग लेकीने ओळीने सात डाव घेतले. ते काही बोलले नाहीत, वहीतली बेरीज त्यांनी स्वतः दोनदा करून बघितली. आता ठरलंय ते असं, माणशी दहा हजार, तेही पाकिटात वेगळे, आणि कार्डं हॉटेलच्या तिजोरीत. मावसभावांना फोन करून सांगितलं, ते आम्हाला जेट्टीपर्यंत सोडायला येणार आहेत.

तक्ता मी पाठ करतेय. १२ ते १६ आता पक्कं झालंय, एक्का धरून १८ झाले की अजून अडखळते. डीलरसमोर नऊ, दहा किंवा एक्का असेल तर १८ वरही पान घ्यायचं, हे बरोबर ना? १८ सोडून पान मागायला हात धजत नाही.

आणि कोणी गेल्या दोन-तीन महिन्यांत बोटीवर जाऊन आलं असेल तर एवढंच सांगा, कमी रकमेच्या टेबलांवर ३ ला २ लिहिलंय की ६ ला ५?